हाताच्या भेगा आणि रिठ्याचे पाणी

आरोग्य पानाकडे येणाऱ्या प्रश्नांत हाताच्या भेगांचा प्रश्न बारा महिने असतो. बोटांच्या पेरांवर चिरा पडतात, तळहाताची साल निघते, मीठ-तिखट लागले की आग होते, नखांच्या कडा सुजून ठणकतात. विचारणाऱ्या बहुतेक भगिनी घरचे धुणे उरकून आणखी तीन-चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या असतात. अलीकडे या प्रश्नाला एक शेपूट जोडलेले असते : पावडर सोडून रिठा वापरला तर फरक पडेल का? कुणी मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणाच्या कामाच्या घरी 'नैसर्गिक' असे छापलेली रिठ्याची बाटली आलेली असते.

आधी सरळ उत्तर देतो. हातांना बरे वाटेल. काही कपड्यांनाही रिठा मानवेल. पण घरातले सगळे धुणे रिठ्यावर निघणार नाही, आणि आजारी माणसाचे कपडे तर केवळ त्याच्या भरवशावर टाकू नयेत. कुठे वापरायचा आणि कुठे नाही हे कळले, तर पैसेही वाचतात आणि फसगतही होत नाही.

रिठ्याचे झाड आपल्याकडे नवीन नाही. कोकणात, घाटावर, गावाच्या कडेला, शेताच्या बांधावर ते दिसते. त्याची फळे घोसाने लागतात आणि वाळली की तांबूस-तपकिरी, सुरकुतलेली, चिकट होतात. आत काळी, टणक, गोल बी असते. फळ हलवले की ती खुळखुळते. दक्षिणेकडच्या आणि आपल्याकडच्या रिठ्याला तीन-तीन फळे एकत्र जोडलेली दिसतात, हिमालयाच्या पायथ्याचा रिठा वेगळ्या जातीचा आणि सुटा असतो. काम दोन्ही सारखेच करतात. संस्कृतात याला 'फेनिल' म्हणजे फेसाळ असे नाव आहे. वनस्पतीशास्त्रातल्या त्याच्या 'सॅपिंडस' या नावाचा अर्थही 'भारतातला साबण' असाच आहे.

फेस येतो तो फळाच्या सालीतून. सालीत 'सॅपोनिन' नावाचा पदार्थ असतो. त्याच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. कपड्यावरचा मळ म्हणजे बहुतेक अंगाचे तेल, घाम आणि त्याला चिकटलेली धूळ. नुसते पाणी तेलाला सोडवू शकत नाही. सॅपोनिन मधे शिरून तेलाचा कण पाण्यात ओढून आणते. साबणही हेच करतो, पावडरही हेच करते. म्हणजे रिठ्यात जादू काही नाही, काम तेच आहे, फक्त जोर कमी आहे. बीमध्ये मात्र धुण्याच्या उपयोगाचे काही नसते, म्हणून ती काढून टाकायची.

फरक पडतो तो खारात. अंगाचा किंवा कपड्याचा साबण तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून होतो. धुण्याच्या पावडरीत मळ काढणाऱ्या रसायनाबरोबर धुण्याचा सोडा असतो, शिवाय पांढरेपणा दाखवणारा पदार्थ, वास आणि रंग. सोड्याचे पाणी चांगलेच खारट-तुरट, म्हणजे अल्कधर्मी असते. मळ आणि तेलकटपणा काढायला ते उत्तम, पण ते कपड्यावरचे तेल काढते तसेच हाताचेही काढते. आपल्या कातडीवर तेलाचा एक पातळ थर असतो आणि कातडी किंचित आंबट स्वभावाची असते. दिवसातून चार वेळा, तासतासभर हात सोड्याच्या पाण्यात राहिले की हा थर धुऊन जातो, कातडी कोरडी पडते आणि भेगाळते. त्या भेगेतून पुन्हा पावडर आत शिरते. असे चक्र चालू राहते.

रिठ्याचे पाणी उलट किंचित आंबट असते. म्हणून लोकर आणि रेशीम धुवायला पूर्वीपासून रिठा वापरतात. काश्मिरी शाली रिठ्यात धुण्याची पद्धत आहे, सोनार दागिने उजळायला रिठ्याचे पाणी ठेवतात. लोकर म्हणजे मेंढीचे केस, रेशीम म्हणजे किड्याचा धागा. दोन्ही खाराने खराब होतात. आपले केस आणि कातडीही त्याच जातीच्या घटकाची. जे शालीला सोसते ते हातालाही बहुधा सोसते, एवढे साधे हे गणित आहे. 'बहुधा' म्हणतो, कारण एखादीला रिठाही सोसत नाही. पहिल्या वेळी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडे पाणी लावून दिवसभर पाहावे. खाज सुटली, लाल झाले तर नाद सोडावा.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत मात्र डोक्यातून काढली पाहिजे. बिब्बा झाडालाच लागतो. परीट लोक कपड्यावर खूण करायला बिब्ब्याचेच तेल वापरीत, आणि त्या खुणेचा कपडा अंगाला लागून कातडी भाजल्यासारखी झालेल्या माणसांची नोंद वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. चुलीतली राख नैसर्गिक होती, पण तिचे पाणी आजच्या पावडरीसारखेच हात खाते. आणि 'पूर्वी सगळे कसे नैसर्गिक होते' म्हणून उसासे टाकणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते : आपल्या आज्या-पणज्यांच्या हाती बहुतेक राख आणि माती होती, आणि धुवायला पाणवठाही मोकळा नव्हता. १९६९ साली गुजरातेत निरमा निघाली, तिने पावडर स्वस्त केली, आणि गरिबाच्या मोरीत पावडर पोचली. तिने बायकांचे कष्ट वाचवले हे नाकारण्यात अर्थ नाही. आम्ही रिठ्याची बाजू घेतो ती जुने ते सोने म्हणून नाही; हात बरे राहावेत म्हणून.

पाणी कसे करावे

रिठा बाटलीत घेण्याची गरज नाही. काष्ठौषधींच्या दुकानात, मोठ्या किराणा दुकानात आणि आठवडी बाजारात अख्खी वाळलेली फळे सुटी मिळतात. तीच घ्यावीत. दळलेल्या पुडीत काय मिसळले आहे ते दिसत नाही, आणि पूड कपड्याच्या विणीत अडकून बसते. फळ तांबूस, चिकट, जड असावे. पांढरी-हिरवी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर घेऊ नये. घरी कोरड्या डब्यात ठेवली तर वर्षभर टिकतात. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात दमट हवा लागली की चिकटून गोळा होतात, म्हणून झाकण घट्ट हवे.

एका बादलीच्या धुण्याला दहा-बारा फळे पुरतात. फोडून बिया काढा, साली रात्री लिटरभर पाण्यात भिजत घाला. सकाळी पंधरा-वीस मिनिटे उकळा, कोमट झाले की हाताने किंवा लाकडी पळीने चांगले कुस्करा आणि जुन्या सुती कपड्यातून गाळा. गाळणे टाळू नका, सालीचा कण राहिला की फिक्या कपड्यावर तपकिरी डाग पडतो. गॅस वाचवायचा असेल तर उकळू नका : काळ्या किंवा गडद रंगाच्या भांड्यात झाकून दिवसभर उन्हात ठेवा, संध्याकाळी कुस्करा. अर्क थोडा फिका येतो, पण चालतो.

हा लिटरभर अर्क दहा-बारा लिटर पाण्यात मिसळून कपडे अर्धा तास भिजवा, चोळा, पिळा. पाणी कोमट असेल तर मळ चांगला सुटतो. पावडरीसारखा फेसाचा डोंगर दिसणार नाही, म्हणून आणखी रिठे घालू नका. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. फेस दिसला की आपले समाधान होते एवढेच. उलट फेस कमी म्हणजे खळबळायला पाणी कमी. पावडरीचे कपडे दोन-तीन पाण्यांतून काढावे लागतात, रिठ्याचे बहुधा एकातून निघतात. ज्या वस्तीत नळ दिवसातून तासभर येतो तिथे हा एका बादलीचा फरक छोटा नाही.

बोअरच्या पाण्यातही रिठ्याचा एक फायदा आहे. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही. पाण्यातला चुना साबणाशी मिळून चिकट पांढरा साका तयार होतो आणि तो कपड्यावर बसतो. रिठ्याचा असा साका होत नाही.

अर्क साठवू नका. दोन दिवसांत तो आंबतो, वास मारतो. लागेल तेवढाच करावा. मशीन असेल तर पाच-सहा फळांच्या साली जुन्या मोज्यात बांधून कपड्यांबरोबर टाकता येतात, पण थंड पाण्यात त्यातून फारसे काही उतरत नाही.

परवडते का, हे ज्याने त्याने आपल्या बाजारभावाने काढावे. हिशेब असा : अख्ख्या फळात साधारण निम्मे वजन बीचे असते. किलोभर रिठे आणले तर साल अर्धा किलो. एका बादलीला तीसेक ग्रॅम साल लागते. म्हणजे किलोत सोळा-सतरा बादल्या. दुकानातल्या भावाला सोळाने भागा आणि एका बादलीला लागणाऱ्या पावडरीच्या किमतीशी ताडून पाहा. बहुतेक ठिकाणी साधी पावडर स्वस्त पडेल. म्हणून पाच माणसांचे रोजचे धुणे रिठ्यावर करा असे आम्ही सांगणार नाही. घरखर्चातून रुपया रुपया वाचवणाऱ्या बाईला तो सल्ला देणे म्हणजे दुसऱ्याच्या पिशवीतून दान करणे. आणि रिठ्याच्या शोभेच्या बाटलीला जे पैसे पडतात त्यात किलो दोन किलो अख्खे रिठे सहज येतील.

कोणते कपडे रिठ्यात, कोणते नाही

तान्ह्या बाळाचे लंगोट-झबली सोडून बाकी हलके कपडे, स्वेटर, शाल, रेशमी आणि गडद रंगाच्या साड्या, रंग जाणारे नवे सुती कपडे, ज्यांच्या अंगाला पावडरीने खाज सुटते त्यांचे आतले कपडे : हे रिठ्यात घालावेत. रंग टिकतो, लोकर आटत नाही. जरीची भारी साडी असेल तर आधी पदराच्या आतल्या टोकावर करून पाहावे.

गवंडीकाम, गटारकाम, कचरा वेचणे, गॅरेज अशा कामांचे कपडे रिठ्याने निघत नाहीत. ग्रीस, सिमेंट, मळकी कॉलर यांना साबणाची वडी आणि ब्रशच हवा. तसे कपडे रिठ्यात घोळत बसलात तर हाताला आणखी तासभर पाण्यात ठेवाल, म्हणजे मूळ उद्देशच गेला.

पांढऱ्या कपड्यांचे वेगळे सांगायला हवे, कारण आपल्याकडे त्यांचे काम पडते. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन, या दिवसांसाठी जपून ठेवलेली पांढरी साडी किंवा सदरा सतत रिठ्यात धुतला तर हळूहळू पिवळट, मळकट दिसू लागतो. रिठ्याला स्वतःचा फिका तपकिरी रंग असतो, आणि पावडरीतला चमक दाखवणारा पदार्थ त्यात नसतो. पांढऱ्याला साबण, भरपूर पाणी, शेवटच्या पाण्यात नीळ आणि उन्हात वाळवणे हेच बरे.

घरात आजार असेल तेव्हा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. रिठा जंतुनाशक आहे असे ऐकून लोक आजाऱ्याचे कपडे थंड पाण्यात रिठा घालून काढतात. कपड्यावरचे जंतू मारण्याचे काम उकळत्या पाण्याचे, उन्हाचे आणि इस्त्रीचे आहे.

खरूज झाली असेल तर रोग्याने मागच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादर, टॉवेल एकाच दिवशी कडकडीत पाण्यात भिजवून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. घरातल्या सगळ्यांनी औषध त्याच दिवशी लावायचे, नाहीतर खरूज फिरून येते. गोधडी धुणे शक्य नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर खरजेचा किडा तीन-चार दिवसांपेक्षा जास्त जगत नाही.

नायट्याचे तसेच. टॉवेल आणि आतले कपडे वेगळे, गरम पाणी, ऊन, शिवणीवरून इस्त्री. नायट्यावर रिठा चोळू नका. आणि दुकानदाराने हातात दिलेली मिश्र औषधाची ट्यूबही लावू नका, तिच्यात स्टिरॉइड असते, आठ दिवस बरे वाटते आणि मग नायटा दुप्पट पसरतो. सरकारी दवाखान्यात त्वचेच्या विभागात दाखवा.

जुलाब झालेल्या मुलाचे कपडे आणि बाळाचे लंगोट घाण आधी संडासात टाकून, साबणाने धुऊन, उकळत्या पाण्यातून काढावेत.

पाळीचे कापड वापरणाऱ्या भगिनी आणि मुलींसाठी : रक्त आधी थंड पाण्यातच काढावे, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग साबणाने धुवावे, खळखळून पाणी बदलावे आणि उघड्या उन्हात वाळवावे. दुसऱ्या कपड्याखाली लपवून, पलंगाखाली किंवा मोरीच्या कोपऱ्यात वाळवलेले कापड आतून ओलेच राहते आणि तेच अंगाला खाज व जळजळ देते. दोरीवर ते दिसले तर दिसू द्या. कुणाला वाईट वाटायचे असेल तर त्याने मान वळवावी.

चार घरची धुणी करणाऱ्यांसाठी

रिठ्याचा सल्ला इथे अर्धवट पडतो. स्वतःच्या घरी काय वापरायचे ते आपल्या हातात आहे. कामाच्या घरी मालकीण देईल ती पावडर. घरी एक बादली रिठ्यात आणि बाहेर चार बादल्या पावडरीत, तर हात बरे होणार नाहीत. तिथे उपाय रबरी हातमोज्यांचा. ते कामाच्या घराने द्यावेत असे सांगायला संकोच करू नका. झाडू-पोछा त्यांचाच असतो, मग हातमोजेही त्यांचेच. आत पातळ सुती मोजा घातला तर घाम टिपला जातो. आत पाणी शिरले तर काढून टाका, ओला हातमोजा पावडरीइतकाच वाईट.

पावडर हाताने ढवळू नका, काठीने ढवळा. पावडरीची मूठ थेट ओल्या हातात घेऊ नका. काम संपले की साध्या पाण्याने हात धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून, लगेच खोबरेल तेल किंवा साधी व्हॅसलिन लावा. झोपताना पुन्हा लावा. आठ-दहा दिवस हे नेमाने केले तर रिठ्याहून जास्त फरक दिसतो. अंगठी काढून धुणे करा, तिच्याखाली साबण साचतो आणि तिथूनच चिघळायला लागते.

भेगांतून रक्त येते, पू होतो, नखाची कड सुजून ठणकते, किंवा मधुमेह आहे, तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरला दाखवा.

जपण्याच्या गोष्टी

रिठ्याचे पाणी डोळ्यात गेले तर भयंकर आग होते, डोळा लाल होतो, सुजतो. कुस्करताना चेहरा दूर ठेवा, त्या हाताने डोळे चोळू नका. गेलेच तर वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवा आणि दुखणे किंवा धूसरपणा राहिला तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. वाळलेले रिठे कुटताना धूळ उडून शिंका येतात, नाकाला ओढणी बांधावी.

मुलांना फळ खजुरासारखे आणि बी गोटीसारखी वाटते. डबा उंचावर ठेवा. अर्क पेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तर मोडलीच पाहिजे. तपकिरी पाणी पाहून मूल सरबत म्हणून घोट घेते. पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात. मुद्दाम उलटी काढू नका, तोंड धुवा आणि मुलाला दवाखान्यात न्या.

गावाकडे नदी-ओढ्यावर, तळ्याच्या काठी धुणे करीत असाल तर रिठ्याचे पाणी त्यात सोडू नका. साबणाच्या मानाने रिठा मऊ असला तरी माशांना तो विषासारखा आहे. त्यांच्या कल्ल्यांवर त्याचा परिणाम होतो. मासे पकडायला अशा फळांचा रस पाण्यात कालवण्याची रीत काही भागांत होती ती याचमुळे. विहिरीपासूनही दूर, मातीत जिरेल असे ओता. गाळून उरलेला चोथा लगेच फेकू नका. पैंजण, जोडवी, पितळेचा तांब्या घासायला तो एकदा उपयोगी पडतो.